सैल गाठ

केसरअक्का. नाव आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझं काही चुकलंमाकलं तरी हे कुणाबद्दल आहे ते चुकायचं नाही. आज मी धुळ्यात माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे बसले आहे. मुलं ओट्यावर भांडताहेत. कापसाच्या जिनातून यायला ह्यांना उशीर झालाय, आणि तरी मी भाकरी थापते आहे, उंबऱ्यात उभी नाही. हे केसरअक्कांनी केलं. त्या नसत्या तर मी केव्हाच कोकणात भावाच्या पडवीत परत गेले असते, आणि गेले ती गेलेच असते.

मला लिहायची सवय नाही. शाळा तिसरीत सुटली. सुटली म्हणजे काय, एका दुपारी शाळेच्या दारातून कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडलं, मी पाटी तिथेच टाकून पळाले, आणि घरी पोचले तर आई भिंतीला डोकं टेकून बसली होती. वडील गलबतावर होते. ते परत आले नाहीत आणि मीही पाटी आणायला परत गेले नाही. तेव्हापासून कुणी मोठ्यानं ओरडलं, कुठे भोंगा वाजला, दाराची कडी जोरात वाजली, की माझे पाय आधी पळत. मन मागून, धापा टाकत.

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आमच्याकडे प्रत्येक वळणाला, प्रत्येक विहिरीला नाव. इथं लोक म्हणायचे, "आम्ही चौथीत राहतो," आणि मला शाळेतली चौथी आठवायची, जी मी पाहिलीच नाही. आम्ही पाचवीत राहत होतो. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, आणि अंगणाला मधोमध कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे केसरअक्का.

त्यांच्या घरचे मूळ मारवाडातले जैन. आजेसासरे कधीतरी सोनगीरला येऊन राहिले, मग धुळ्यात आले. पुढच्या बाजूला पुतण्याचं, पुखराजभाऊंचं, कापडाचं दुकान. मागच्या खोलीत अक्का. फार लहानपणी नवरा गेलेला. अंगावर तपकिरी ओढणी, नाकाला नथीचं रिकामं भोक, उंची बेताची, आवाज मात्र दुकानातून थेट गल्लीच्या टोकाला जाईल असा. घरात मारवाडी बोलायच्या, गल्लीत अहिराणी, आणि माझ्याशी दोन्हींत थोडी मराठी कालवून. पहिला महिनाभर मला त्यांचं फक्त 'शे', म्हणजे 'आहे', तेवढं कळायचं.

चालताना त्या नेहमी खाली बघून चालायच्या. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. त्यामुळे गल्लीतली माणसं त्या तोंडापेक्षा पायांवरून जास्त ओळखत. कढत पाणी त्यांनी कधी मोरीत तसंच ओतलं नाही. ते निवेपर्यंत ताटकळत उभ्या राहायच्या. पिण्याचं पाणी फडक्यातून गाळून सोनगीरच्या तांब्याच्या हंड्यात. कांदा नाही, लसूण नाही. माझी लसणाची फोडणी भिंतीवरून पलीकडे जायची तेव्हा मी शरमून म्हणायची, "अक्का, त्रास होतो का हो?" तर म्हणायच्या, "तुझा लसूण भिंत ओलांडी येतो, त्याला मी काय करू? माझ्या तोंडात तर नाही ना येत."

दिवेलागणीच्या आधी त्या अंगणात उभ्या राहून स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, भविष्य बघतात. मग कळलं, हातावरच्या रेषा दिसताहेत का ते बघायचं. दिसत असल्या तर अजून जेवता येतं, नसल्या तर आजचं जेवण संपलं. पुखराजभाऊ आतून ओरडायचे, "काकीसा, घड्याळ आहे ना भिंतीवर!" आणि ह्या म्हणायच्या, "घड्याळाला किल्ली तू देतोस. हाताला कोण देतो?"

पण अक्कांची खरी ओळख म्हणजे गाठ. त्यांच्या ओढणीच्या डाव्या टोकाला कायम एक गाठ असायची. त्यांच्यात तसा एक नेम असतो. गाठ बांधलेली आहे तोवर तोंडात काही घालायचं नाही. भूक लागली की एका जागी बसायचं, हात जोडून नवकार म्हणायचा, गाठ सोडायची, जेवायचं. उठताना पुन्हा गाठ. बस, एवढंच. दिवसातून चारदा खा, दहादा खा, पण प्रत्येक वेळी गाठ सोडून. जाता जाता शेंगदाणा तोंडात टाकला, असं अक्कांना कुणी कधी पाहिलं नाही. मी मात्र स्वयंपाक करता करता किती खायची ते माझं मला माहीत नसायचं.

डाव्या टोकाची गाठ साध्वीजींनी दिलेली. उजव्या टोकाची गाठ त्यांनी स्वतःच्या मनानं बांधलेली. ती जिभेची. तिची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही डाळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. नवरा गेल्यावर धाकटा भाऊ माहेरी न्यायला आला होता. उशिरा आला. दारात पाऊल टाकलं आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता आलास? तमाशा बघायला?" तो पाण्याचा तांब्या न घेता उलट्या पावली गेला. त्याच साली प्लेगात गेला.

"मला बोलायचं नव्हतं वं ते," अक्का म्हणाल्या. "ते माझ्या आधीच बोलून गेलं." आणि पुन्हा डाळ निवडू लागल्या.

तेव्हापासून राग आला की अक्का आधी उजवी गाठ सोडायच्या, मग बोलायच्या. ह्यानं त्या मवाळ झाल्या असतील असं कुणाला वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. आमच्या गल्लीत दूध घालणारा गवळी होता. एकदा त्यानं फारच पाणी घातलं. अक्कांनी भांड्यात बोट बुडवलं, बोटाकडे पाहिलं, गवळ्याकडे पाहिलं, आणि ओट्यावर बसून गाठ सोडायला घेतली. गवळी हवालदिल.

"अक्का, देवाची आन, म्हैस आजारी शे..."

अक्कांचं लक्ष गाठीत.

"अक्का, काय बोलनं व्हई ते बोली टाका ना!"

गाठ सुटली. अक्का उठल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून दूध येगळं आन, पानी येगळं आन. मी घरमा कालवी लिसू."

सगळी गल्ली हसली. गवळीसुद्धा हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध सुधारलं. अक्कांनी गाठ सोडायला घेतली की समोरच्याचा अर्धा जीव जायचा. कारण रागात माणूस काहीही बोलतं, ते ऐकणारा धरत नाही. अक्का जे बोलायच्या ते ठरवून बोललेलं असायचं.

आता माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर त्यांनी काय केलं ते कळायचं नाही.

आमचे हे कापसाच्या जिनात कारकून. जिनाचा भोंगा सकाळी वाजायचा, संध्याकाळी वाजायचा, आणि मधे कधी वाजला की समजायचं काहीतरी बिघडलं. कापूस म्हणजे काय, एक ठिणगी पुरे. मी आल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात एका दुपारी भोंगा वाजला आणि मी पळाले. पिठाच्या हातांनी, अनवाणी, दार सताड उघडं टाकून, थेट जिनाच्या फाटकापर्यंत. काही झालं नव्हतं. भोंगा दुरुस्त करून वाजवून बघत होते. फाटकातले हमाल माझ्याकडे बघतच राहिले. ह्यांना बाहेर बोलावलं. हे आले, डोक्यावरचा माझा पदर नीट केला आणि मला घरी सोडून गेले.

दुसऱ्या वेळी भोंगाही नव्हता. यायला उशीर झाला, एवढंच. कापसाच्या गठाणी रवाना व्हायच्या होत्या. मी पुन्हा फाटकात. तेवढ्यात मॅनेजरची गाडी बाहेर पडत होती, मी तिच्या आडवी आले. मॅनेजरनं ह्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "नोकरी तुम्ही करता की तुमचं घर करतं?"

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. हात धुऊन बसले आणि म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी तुला भावाकडे पोचवीन. रागानं बोलत नाही. मला हे झेपत नाही."

रागानं बोलले असते तर मी विसरले असते. भावाकडे पोचवलेल्या बायका मी गावात पाहिल्या होत्या. पडवीत एक कोपरा, भाताच्या कण्या, आणि कुणी विचारलं की "सध्या आलीये माहेरी." ते सध्या संपतच नसे. आणि पाय तर माझ्या हातात नव्हते. पुन्हा पळणार, हे मला पक्कं माहीत होतं.

सकाळी भिंतीपाशी तोंड फिरवून रडत होते तर पलीकडून आवाज आला, "काय वं पोरी, काबर रडी राहिनी?"

भिंत कमरेएवढी, रात्रीचं सगळं त्यांनी ऐकलेलंच होतं. तरी विचारलं. मी डोळे पुसून म्हटलं, "नाही अक्का, रडत नाही."

"रडू नको आसं मी कोठे म्हनस? रड. पण आधी गाठ सोड, मंग रड."

मला कळेना. त्या भिंतीला वळसा घालून आमच्या अंगणात आल्या, मला पायरीवर बसवलं, माझ्या पदराचं टोक हातात घेतलं आणि त्याला एक गाठ मारली.

"ही तुझी. पळावंसं वाटलं की पळ. मी धरणार नाही. पण आधी ही सोड. बसून सोड, दोन्ही हातांनी. आणि सोडता सोडता तीन गोष्टी मनाला विचार. काय देखं? काय ऐकं? आन मनमा काय शिवं?"

काय पाहिलंस, काय ऐकलंस, आणि मनानं काय शिवलंस. कापडाच्या दुकानातल्या बाईचा हिशेब. पाहिलेलं आणि ऐकलेलं ते कापड. बाकी सगळी शिलाई आपली.

मी विचारलं, "आणि गाठ सोडूनही पळावंसं वाटलं तर?"

"तर पळ की. पण मंग तू पळशील. आता तर तुझे पाय पळतात, आणि तू मागे राहतेस."

हे ऐकलं आणि मी शहाणी झाले, असं झालं नाही. पहिले कितीतरी दिवस मी पळता पळताच गाठ सोडायची. एकदा तर गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध बसले सोडायला. मागून बैलगाडी. गाडीवान म्हणाला, "बाई, काय हरायनं का?" मी म्हटलं, "नाही, गाठ सोडतेय." तो बिचारा गाडी थांबवून वाट बघत बसला. पण मी फाटकापर्यंत गेले नाही. तिथूनच मागे फिरले. अक्का ओट्यावर होत्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "आज धूळ कमी शे."

हळूहळू जमायला लागलं. कडी वाजली की हात पदराकडे जायचा. काय पाहिलं? काही नाही. काय ऐकलं? कडी. शिवलं काय? बाप रे, काय काय शिवायची मी! तिरडीपासून तेराव्यापर्यंत सगळं. गाठ सुटेपर्यंत ते माझं मलाच दिसायचं, आणि तोवर दारात भाजीवाली दुसऱ्यांदा ओरडत असायची.

आणि मग मी एक घोटाळा केला.

मला गाठ आवडायला लागली. एवढी, की एक पुरेना. एक ह्यांची बांधली. मग आईची. मग भावाची, कारण तोही आता होडीवर जायला लागला होता. मग पोटातल्या बाळाची. पदराचं टोक माळेसारखं दिसायला लागलं. सोडणं बंदच झालं. उलट जपायला लागले. गाठ आहे तोवर ह्यांना काही होत नाही, असं मनानं कधी ठरवलं ते मलाही कळलं नाही. भीती वाटली की मूठ त्या गाठींवर आवळायची, की बरं वाटायचं. लुगडं धुवायला देताना जीव जायचा. एकदा दगडावर आपटताना एक गाठ सुटली तर मी धोब्यावर केवढी ओरडले!

ते अक्कांनी ऐकलं. भिंतीपाशी आल्या, पदराकडे बघत राहिल्या.

"हाई काय शे?"

मी सांगितलं, ही ह्यांची, ही आईची.

अक्कांचा चेहरा बदलला. त्या बसल्या आणि स्वतःची उजवी गाठ सोडायला लागल्या. मी घाबरले. त्या गवळ्यासारखंच मला झालं. म्हटलं, "अक्का, बोला ना." गाठ पुरी सुटली तेव्हा म्हणाल्या, "मी तुला गंडा दिला होता का? ताईत दिला होता? आधी भोंग्याला भ्यायचीस, आता चिंधीला भितेस. तुझ्या पदरानं तुझा नवरा बांधलेला नाही. बठ्ठ्या गाठी सोड."

मी एकेक सोडली. आईची सुटली, भावाची सुटली, बाळाची सुटली. ह्यांची मात्र सुटेना. इतकी आवळलेली, वर पाण्यानं घट्ट बसलेली. मी दात लावायला गेले तर अक्कांनी हातावर चापट मारली आणि तिळाच्या तेलाची वाटी आणली. एक थेंब गाठीवर सोडून त्या नखानं हळूहळू उकलत बसल्या, आणि एकदम हसायला लागल्या.

"नरडाण्याला माझी अशीच झाली होती."

नरडाण्याला नात्यातलं लग्न होतं. अक्का पुढे उभ्या राहून वऱ्हाडाचं हवं-नको बघत होत्या, तर कुणी एक बाई म्हणाली, विधवेनं शुभकार्यात असं पुढे पुढे करू नये. अक्कांनी तिथंच रागानं ओढणीला गाठ मारली. डाव्या टोकाला, जेवणाची. कचकचून. मनात असं की जेवतेच कशाला मी ह्यांच्याकडे. मग पंगत बसली, घेवर वाढले, तुपाचा वास सुटला, आणि राग उतरला. घेवर अक्कांचा फार आवडीचा. गाठ सोडायला बसल्या तर सुटेना! सगळी पंगत खोळंबली. पुखराजभाऊ तेव्हा तरणे होते; ते धावत जाऊन शिंप्याची कात्री घेऊन आले. अक्का म्हणाल्या, खबरदार! ती बाईसुद्धा येऊन नखं मोडून घेत बसली. शेवटी अक्कांनी तळहात डोळ्यांसमोर धरला. रेषा दिसेनात. दिवस मावळला होता.

"मग?"

"मग काय! रात्रभर उपाशी. मांडवात घेवराचा वास, आणि मी पोटावर हात ठेवून. सकाळी तेल लावून सोडली. ती बाई शेजारीच बसलेली. म्हणाली, अक्का, माझंच चुकलं. मी म्हटलं, तुझं चुकलंच, पण गाठ तर मीच बांधली ना वं."

बोलता बोलता ह्यांची गाठ सुटली होती. मला कळलंसुद्धा नाही. अक्कांनी तेलकट टोक पुसलं आणि तिथे एक नवी गाठ घातली. एवढी सैल, की फुंकर मारली तर सुटेल.

"अशी. सोडायसाठी बांधायची. धरी ठेवायसाठी नाही."

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. चैत्र असेल; हंगाम संपत आला होता. थोरली मुलगी पाळण्यात. दुपारी भोंगा वाजला. वाजला तो थांबेचना. गल्लीतल्या बायका दारात आल्या. कुणीतरी ओरडलं, "जिनले आग लागनी!" आणि सगळ्या पळाल्या. माझे पाय उंबऱ्याबाहेर पडले होते.

मी बसले. उंबऱ्यातच. पदराचं टोक हातात घेतलं. ती सैल गाठसुद्धा बोटांना सापडेना. काय पाहिलं? धूर. कुठे? पांझरा नदीच्या अंगाला, मागच्या आवारात, जिथं कापसाचे ढीग असतात. ह्यांची खोली रस्त्याच्या बाजूला, फाटकाजवळ. काय ऐकलं? भोंगा. शिवलं काय? बाकीचं सगळं.

ह्या वेळी ते खोटंच होतं असं नाही म्हणता येत. आग खरी होती. गाठ सुटली तरी भीती गेली नाही, तशीच छातीवर बसून राहिली. फक्त तिच्या शेजारी थोडी जागा झाली, आणि त्या जागेत मला दिसलं की फाटकात आता माणसांची, गाड्यांची रेटारेटी असेल, पाण्याची गाडी आत शिरत असेल, आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई तिथं फक्त आडवी येईल. पाळण्यात मूल झोपलेलं होतं.

मी गेले नाही. गाठ पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. पलीकडे अक्का त्यांचा तांब्याचा हंडा ओट्यावर ओढत होत्या. "कोकणी, तांब्या घेऊन ये," म्हणाल्या. "आग विझवून येतील त्यांना तहान लागलेली असेल." मग आम्ही दोघी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत बसलो. काजळलेली माणसं यायची, ओंजळ धरायची. "कुणाला लागलं का?" मी प्रत्येकाला विचारायची. "नही बाई, ढीग जळी गया." मी पुढच्याला विचारायची. त्यानंतर पुढच्याला. अक्का एकदाही म्हणाल्या नाहीत की पुरे झालं.

ऊन कललं तसा गल्लीच्या टोकाकडून एक माणूस पळत येताना दिसला. अनवाणी. टोपी नाही, सदरा फाटलेला, तोंड काळं. लोक बाजूला होत होते. ओट्यापाशी येऊन तो थांबला.

हे होते.

"तू... तू फाटकात आली नाहीस," हे म्हणाले. "मी सगळ्या बायकांत शोधलं. तू नव्हतीस. मला वाटलं तुला... पोरीला... घरात काही..."

आणि हे मटकन पायरीवर बसले. चप्पल जिनातच राहिली होती.

मी काही बोलणार तेवढ्यात अक्कांनी ह्यांच्या पायांकडे पाहिलं. धुळीनं घोट्यापर्यंत माखलेले पाय. मग पाण्याचा तांब्या ह्यांच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "याले बी एक गाठ बांधी दे वं!"

हे आधी बघत राहिले. मग हसायला लागले, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, काजळीवरून दोन पांढऱ्या रेघा उतरल्या. कोकणात पोचवायचं पुन्हा कधी निघालं नाही. त्या रात्री झोपताना ह्यांनी उपरण्याचं टोक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "काय ते विचारायचं असतं ते मलाही शिकव." मी म्हटलं, अक्कांनाच विचारा. दुसऱ्या दिवशी खरोखरच भिंतीपाशी गेले. मोठा कारकून माणूस, शाळेतल्या मुलासारखा उभा. अक्का म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या उपरण्याला कापूसच किती चिकटलेला. आधी झटका, मग बांधू."

जर्मन-जपानची लढाई सुरू झाल्यावर कापडाची टंचाई झाली, पुखराजभाऊंचं दुकान चालेना. जळगावला त्यांच्या मेहुण्यांचा व्यापार होता, तिकडे जायचं ठरलं. अक्कांनी जाण्याआधी सगळ्या गल्लीत घरोघर जाऊन हात जोडले, इतक्या वर्षांच्या चुकीमाकीची माफी मागितली. गवळ्याचीसुद्धा. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही गयात ते मी पुन्हा पानी टाकसू बरं." अक्का म्हणाल्या, "जळगाव लांब नही शे."

मी मोटार सुटायची तिथं पोचवायला गेले. कोळशाच्या गॅसवरची मोटार. मागे ती भट्टी, धूर, रखरख. मी दशम्या बांधून दिल्या होत्या, लसूण न लागलेल्या वेगळ्या तव्यावरच्या. अक्कांनी त्या घेतल्या आणि डावं टोक दाखवून म्हणाल्या, "आता ही जळगावलाच सुटेल. हलत्या गाडीत मी खात नाही." मला खिडकीजवळची जागा त्यांनी मुद्दाम बघायला लावली, सामान मोजायला लावलं, थोरलीच्या नाकाला पदर लावायला लावला. रडायला सवडच दिली नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या रडत नसतीलच, असं मला वाटायचं.

मोटार हलली. मी शेजारून चार पावलं चालले, मग थांबले. खिडकीत अक्का ताठ बसलेल्या. त्यांचे हात ओढणीच्या उजव्या टोकाकडे गेले. त्यांनी ते मांडीवर घेतलं, आणि दोन्ही हातांनी, घाई न करता, गाठ सोडायला लागल्या. कुणावर राग आला असेल, असं क्षणभर वाटलं. पण समोर कुणीच नव्हतं. गाठ सुटली. मग अक्कांनी ते मोकळं टोक उचललं आणि त्यात तोंड झाकून घेतलं, आणि मोटारीच्या खडखडाटात त्यांचे खांदे हलताना दिसले. पांझरेच्या पुलाकडे मोटार वळली तोवर.

मी तिथंच एका दगडावर बसले, पदराची गाठ सोडली, आणि मग मीही रडून घेतलं.

परवा पुखराजभाऊ कामानं धुळ्याला आले होते, ते ओट्यावर बसून गेले. अक्का बऱ्या आहेत म्हणाले. आवाज तसाच आहे. बोटं मात्र सांध्यांत सुजलीत, वाकत नाहीत. गाठ त्यांच्यानं सुटत नाही आता. नेम सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत. मग जेवणाच्या वेळी नातसून, भाऊंची सून, येते आणि झटक्यात सोडून देते. तिलाही दहा कामं असतात, तिचं काही चुकत नाही. "पण काकीसा गाठ सुटल्यावरही बसूनच राहतात," भाऊ म्हणाले. "अन्न पुढे असतं आणि बसून राहतात. का, कोण जाणे."

का, ते मला माहीत आहे. मी भाऊंना सांगितलं नाही. सांगून समजण्यासारखं नव्हतं.

धाकटा अजून अंगावर आहे, आणि हंगाम जोरात आहे. पण हंगाम सरू दे, जिनाचा भोंगा उन्हाळ्यापुरता बंद होऊ दे. मग मी जळगावला जाईन. थोडे दिवस राहीन. अक्का, जेवायच्या वेळी मी तुमच्यासमोर बसेन, तुमच्या ओढणीचं टोक हातात घेईन, आणि तुमचा नवकार पुरा होईपर्यंत, दोन्ही हातांनी, अगदी सावकाश तुमची गाठ सोडीन.